कच्चा कैदी, डायलिसिस आणि २०२० चा जामीन: कलम बघायचं की आजार?

वैशाली_रामबाग
मी इंदूरला एका डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे, या दिवाळीला सतरा वर्षं होतील. परवा सकाळच्या शिफ्टला एक बंदी पेशंट आला, बरोबर दोन शिपाई, आणि हातकडी नेमकी डाव्या हातात, म्हणजे ज्या हाताला फिस्टुला आहे त्याच हातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडलेली असते, आमच्या सुया तिथेच टोचतो, त्या हाताला आम्ही बीपीचा पट्टासुद्धा बांधत नाही कारण दाब पडून तो बंद झाला तर पेशंटची वाटच बंद. मी शिपाईदादांना सांगितलं, त्यांनी लगेच काढून दुसऱ्या हातात घातली. वाईट माणसं नव्हती, त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यावरून २०२० मधला आमचा एक पेशंट आठवला आणि दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. तोही कच्चा कैदी, खटला उभाच राहायचा होता, पन्नाशीचा, ४२० आणि ४६७ कलम, म्हणजे फसवणूक आणि बनावट कागद. मंगळवार-शुक्रवार यायचा, चार-चार तास. मंगळवारी २४ मार्चला आला, त्या रात्री लॉकडाऊन जाहीर झालं, शुक्रवारी २७ ला आला नाही. फोन केला तर म्हणाले गार्ड नाहीये, सगळे बंदोबस्ताला गेलेत. पुढच्या मंगळवारी पण नाही. आमच्या पांढऱ्या बोर्डावर त्याचं नाव तसंच राहिलं, पुसायला कुणाचा हात होईना.

तुरुंगातली गर्दी कमी करा असं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच सांगितलं होतं ना? मग ज्याचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनमधून गेलं नाही तर माणूस जगत नाही, तो पहिल्या यादीत कसा नव्हता? यादी करताना कलम बघितलं, शरीर का नाही बघितलं? कायद्यातलं कुणाला कळत असेल तर सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

पोहेजिलेबी
वाचून सुन्न झालो ताई. हातकडीचं तर कधी डोक्यातच आलं नसतं.

काळाकोट_इंदूर
वैशालीताई, मी इथे जिल्हा कोर्टात फौजदारी बघतो, जेवढं पक्कं माहितीये तेवढं सांगतो.

२३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली, त्यात राज्य विधी सेवा समितीचे अध्यक्ष, गृह किंवा तुरुंग खात्याचे प्रधान सचिव आणि तुरुंगांचे महासंचालक. कोणत्या वर्गातले कैदी पॅरोलवर किंवा तात्पुरत्या जामिनावर सोडायचे ते समितीने ठरवायचं. कोर्टाने उदाहरण म्हणून सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतले कैदी विचारात घेता येतील. ते उदाहरणच बहुतेक राज्यांनी नियमासारखं धरलं. आपल्या मध्यप्रदेशात कच्च्या कैद्यांना ४५ दिवसांचा तात्पुरता जामीन आणि शिक्षा झालेल्यांना ६० दिवसांची पॅरोल असं धोरण आलं. आता तुमच्या पेशंटचं बघा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ४२० ला सात वर्षं, तेवढंच असतं तर नाव कदाचित आलं असतं. पण ४६७ म्हणजे मौल्यवान दस्तऐवजाची बनावट, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, आणि जमिनीच्या-पैशाच्या भानगडीत पोलीस ४२० बरोबर ४६७, ४६८, ४७१ एका दमात लावायचे. म्हणजे एफआयआर लिहिणाऱ्याने एक आकडा जास्त लिहिला की माणूस यादीच्या बाहेर.

पण त्याच ऑर्डरमध्ये असंही होतं की समितीला इतर कोणताही योग्य मुद्दा लक्षात घेता येईल. दार उघडं होतं. शिवाय जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, ४३७ मध्ये आधीपासूनच लिहिलेलं होतं की बाई असेल, सोळा वर्षांखालचा असेल किंवा आजारी-अशक्त असेल तर गंभीर कलमातही जामीन देता येतो. आता साधारण तेच नव्या संहितेत ४८० मध्ये आहे. 'देता येतो' असं आहे, 'दिलाच पाहिजे' असं नाही, सगळी गोम तिथे.

सराफ्यातला
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझ्या सासऱ्यांचे रिटायरमेंटचे अकरा लाख एका चिटफंडवाल्याने बुडवले, पकडला गेला तेव्हा आम्हाला वाटलं आता तरी काही होईल, तर तिसऱ्या दिवशी याच्या छातीत दुखायला लागलं, मग एका हॉस्पिटलच्या एसी रूममध्ये दोन महिने, मग मेडिकलवर जामीन, मग गायब. सासरे त्या धक्क्यातून उठले नाहीत. म्हणून आजारपणाचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. आजार बघून सोडायचं म्हटलं तर सगळ्यात आधी कोण आजारी पडेल ते आम्हाला माहिती आहे.

पोहेजिलेबी
सराफ्यातला, मुद्दा अगदी खरा आहे, पैसेवाल्याला जेलच्या गेटवरच बीपी होतं.

वैशाली_रामबाग
सराफ्यातला, राग कसला, तुमच्या घरावर आलेलं तुम्ही सांगताय. पण एक सांगू का, छातीत दुखतंय हे तोंडाने सांगावं लागतं. किडनी गेलेल्याला काही सांगावं लागत नाही. एखादा रिपोर्ट खोटा काढता येईल, पण फिस्टुलावर हात ठेवला की थरथर लागते हाताला, ती नाटक करून आणता येत नाही. महिन्याची आठ डायलिसिस झाल्याची नोंद मशीनच्या तासासकट असते. माझं म्हणणं तेवढंच आहे की जे आजार असे मोजता येतात ते तरी वेगळे काढा.

निवृत्त_मास्तर
आकडे हाताशी ठेवून बोलू या. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, तुरुंग अहवालाप्रमाणे २०२१ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,५४,०३४ माणसं होती आणि त्यातले ४,२७,१६५ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात सत्त्याहत्तर. जागेच्या मानाने भरती १३० टक्के. २०१९ च्या अखेरीला कैदी होते ४,७८,६००. म्हणजे ज्या साथीत गर्दी कमी करायची होती त्या साथीच्या दोन वर्षांत पाऊण लाख माणूस वाढला! सोडले असतील, पण मागच्या दाराने त्याहून जास्त आले.

माझा एक जुना विद्यार्थी जेलमध्ये शिकवायला जायचा, तो सांगायचा की सर, बैरकीत कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं. सकाळ-संध्याकाळ गिनती, एकच टाकी, संडासाला रांग. तिथे सहा फूट अंतर ठेवा म्हणून पोस्टर लावून काय होणार होतं?

खाकीतलं_घर
वर गार्ड मिळाला नाही असं आलंय म्हणून लिहिते. माझे बाबा तेव्हा पोलीस लाईनमध्ये हेड कॉन्स्टेबल होते. एप्रिलमध्ये इंदूरची काय हालत होती आठवा, टाटपट्टी बाखल मोहल्ल्यात तपासायला गेलेल्या डॉक्टरबाईंवर दगड पडले, गल्लोगल्ली बॅरिकेड, बाबा सलग अठरा-अठरा तास उभे. एका बंद्याला हॉस्पिटलला न्यायचं तर दोन शिपाई आणि एक गाडी निदान सहा तास अडकते. आणि आठवड्यातून दोनदा. बाबांना मे महिन्यात कोविड झाला, अंगणातच कपडे बदलून जेवायचे, आम्ही खिडकीतून बोलायचो. वाचले, देवाची कृपा.

पण वैशालीताईंचं बरोबर आहे असं बाबा पण म्हणाले, मी आत्ता त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, असा पेशंट घरी सोडला असता तर आमची दोन माणसं मोकळी झाली असती, तो काय पळणार होता, पळाला असता तर चौथ्या दिवशी मशीन शोधत परत आला असता.

पोहेजिलेबी
काकांना नमस्कार सांगा. हे शेवटचं वाक्य कोर्टात सांगण्यासारखं आहे.

एडिसनवाला
इंदूरचाच, २००९ पासून न्यूजर्सीत. इथेही हाच वाद झाला म्हणून लिहितो. इथल्या फेडरल कायद्यात खटल्याआधी कोठडीत ठेवलेल्याला तात्पुरतं सोडायची एक तरतूद आहे, कलम ३१४२ चं पोटकलम आय, बचावाच्या तयारीसाठी किंवा दुसऱ्या एखाद्या सबळ कारणासाठी. २०२० मध्ये दमा, मधुमेह, हृदयरोगवाल्यांचे शेकडो अर्ज त्यावर आले आणि निकाल जज्जागणिक वेगळे. काही जज्ज म्हणाले साथ हेच सबळ कारण, काही म्हणाले साथ सगळ्यांनाच आहे, तुझ्या एकट्याचं काय वेगळं ते दाखव. ६ एप्रिल २०२० ला तेव्हाच्या ॲटर्नी जनरल बार यांनी सरकारी वकिलांना पत्र काढलं की कोठडी मागताना साथीचा धोकाही विचारात घ्या. शिकागोची कुक काऊंटी जेल त्या एप्रिलमध्ये सगळ्या देशात गाजली होती, आत साथ पसरली आणि प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. म्हणजे श्रीमंत देश, मोठाली जेलं, तरी हाल तेच.

ग्वाल्हेरवाली_सून
दादा, तिकडे निदान प्रत्येकाचा अर्ज कुणीतरी वाचला, निकाल काहीही लागो. आमच्या इथे कोर्टच बंद होतं, फक्त अर्जंट मॅटर, ते पण व्हिडिओवर. माझ्या दिराचा वकील ग्वाल्हेरला छतावर नेटवर्क शोधत फिरायचा आणि नेमकं बोलायची वेळ आली की आवाज जायचा.

शुभ्रा७
भीमा-कोरेगाव प्रकरणातले पाद्री स्टॅन स्वामी, त्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पार्किन्सन, हात एवढे थरथरायचे की पेल्याने पाणी पिता येत नव्हतं, स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ८ ऑक्टोबर २०२० ला अटक, म्हणजे साथ ऐन भरात असताना. तळोजा जेल. मे २०२१ च्या शेवटी हायकोर्टाच्या आदेशाने हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे कोविड निघाला, ५ जुलैला गेले, जामिनाच्या अर्जावर सुनावणी चालू असतानाच. आरोप खरे का खोटे ते कोर्टात ठरलंच नाही, ठरायची वेळच आली नाही. यूएपीएमध्ये, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यात, ४३ डी (५) आहे, आरोप वरवर खरे वाटले तरी जामीन नाही. त्या कलमात तर आजाराचं नावच नाही.

सराफ्यातला
शुभ्रा, देशाविरुद्धच्या आरोपांत सरकार जास्त कडक राहणारच, त्यात मला चूक वाटत नाही. पण सिपरसाठी अर्ज करावा लागला हे वाचून मलाही लाज वाटली. पाणी प्यायला कुठलं कलम आडवं येतं?

निमाडी_माणूस
बाहेर काढणं अर्धं काम हो. आमच्या बडवानीकडचा एक पोरगा त्या एप्रिलमध्ये इंदूरच्या जेलमधून सुटला, चोरीची केस. बस नाही, ट्रेन नाही, खिशात तीस रुपये. राऊ, मानपूर करत घाट उतरून हायवेने चालत निघाला, वाटेत एका ढाब्यावाल्याने केळ्याच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. गावात पोचला तर गाववाले आत घेईनात, जेलमधून आला म्हणून नव्हे, इंदूरहून आला म्हणून! चौदा दिवस शेतातल्या खोपटात राहिला, त्याची आई बांधावर भाकरी ठेवून मागे सरायची मग हा उचलायचा. धडधाकट होता म्हणून निभावलं. वैशालीताईंच्या पेशंटला सोडला असता तर मशीनपर्यंत कसा पोचला असता, ते पण आदेशात लिहायला पाहिजे होतं.

वैशाली_रामबाग
निमाडीदादा, हे फार महत्त्वाचं बोललात. आमच्याकडे त्या दिवसांत घरून येणारे पेशंट पण पास नाही म्हणून अडकायचे, आम्ही युनिटच्या कागदावर शिक्का मारून देत होतो तो चौकात दाखवून यायचे.

तुकोगंजकर
अवांतर: लहानपणापासून जेल रोडला जातोय, आधी रेडिओ दुरुस्तीला मग मोबाईलच्या कव्हरला, आणि एकदाही मनात आलं नाही की या रस्त्याला हे नाव का आहे. आज धागा वाचून विचार केला.

पोहेजिलेबी
तुकोगंजकर, माझी आजी 'जेल रोडला जाऊन येते' म्हणाली की पुण्याहून आलेले पाहुणे घाबरायचे. तिला फक्त मिक्सरचं भांडं आणायचं असायचं.

ग्वाल्हेरवाली_सून
जेलची मुलाकात बंद झाली होती ते आठवतंय का कुणाला? माझी जाऊबाई मुलाला कडेवर घेऊन व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलायची, पोरगं स्क्रीनला हात लावून बाबा बाबा करायचं. दिराला शुगर आहे, इन्सुलिनवर. तो आतून एवढंच सांगायचा, मी बरा आहे, आणि त्याचे गाल बसलेले आम्हाला दिसायचे. घरात त्याची सगळी फाईल होती, सहा वर्षांचे रिपोर्ट, पण ती फाईल जेलच्या डॉक्टरपर्यंत पोचवायची कशी हेच कुणाला कळेना. आत त्याच्या कार्डावर फक्त शुगर एवढंच लिहिलेलं होतं. त्याच्या जामिनाच्या अर्जावर जेलचा रिपोर्ट मागवला तर आला, प्रकृती सामान्य.

काळाकोट_इंदूर
ग्वाल्हेरच्या वहिनींनी दुखरी नस सांगितली. कोर्ट मेडिकल ग्राऊंडवर जेलकडून रिपोर्ट मागवतं, जेलच्या दवाखान्यात डॉक्टर एक, पेशंट शेकड्याने, तो आज ताप आहे का बघतो आणि 'स्थिती सामान्य, औषधोपचार सुरू' लिहितो. कोर्ट वाचतं आणि म्हणतं आत उपचार मिळतायत, अर्ज नामंजूर. फाईल घरात, पेशंट आत, जज्ज तिसरीकडे, तिघांची गाठच पडत नाही. वकिलाने फाईलची प्रमाणित प्रत अर्जालाच जोडायला हवी आणि तज्ज्ञ डॉक्टरचा कागद मागायला हवा. तज्ज्ञाने 'किडनीचा आजार' लिहून भागत नाही, अमुक उपचार आठवड्यातून इतक्यांदा लागतो, चुकला तर इतक्या दिवसांत असं होतं, आणि हा उपचार जेलच्या आत होऊ शकत नाही, असं लिहिलं पाहिजे.

आणि वैशालीताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर द्यायचं राहिलं होतं. शरीर बघून यादी करता येते, कारण एका राज्याने केली. दिल्लीच्या उच्चाधिकार समितीने २०२० मध्येच कच्च्या कैद्यांसाठी आजारांची नावं लिहून वेगळा वर्ग काढला, एचआयव्ही, कॅन्सर, डायलिसिस लागणारा किडनीचा आजार, हेपटायटिस बी किंवा सी, दमा, टीबी. डायलिसिस हा शब्दच त्यात होता.

वैशाली_रामबाग
हे मला माहीत नव्हतं. वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

निवृत्त_मास्तर
म्हणजे दिल्लीला असता तर कदाचित यादीत, इंदूरला आहे म्हणून नाही. किडनी तीच.

शुभ्रा७
वकीलसाहेब, आणि जे सुटले त्यांचं पुढे काय झालं?

काळाकोट_इंदूर
दुसऱ्या लाटेत ७ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी सोडलेल्यांना पुन्हा सोडा, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटकच करू नका, २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाचं पालन करा. जुलैत सांगितलं की पुढचा आदेश येईपर्यंत परत बोलावू नका. शेवटी २४ मार्च २०२३ ला आदेश आला, पंधरा दिवसांत सगळ्यांनी हजर व्हा, मग ज्याला पाहिजे त्याने नेहमीचा जामीन मागा. माझे दोन अशील बॅग घेऊन स्वतः गेटवर गेले. सराफ्यातलाभाऊ, पळणारे असतात, पण हेही असतात.

सराफ्यातला
मान्य. मी माझ्या एका माणसावरून सगळ्यांना मोजत होतो. तरी एक अट घालाच, पासपोर्ट जमा आणि ज्याचे पैसे गेलेत त्याला सुनावणीची नोटीस. आम्हाला जामीन झाल्याचं पेपरमधून कळलं होतं.

काळाकोट_इंदूर
रास्त आहे. फिर्यादीला ऐकून घ्यायला कुणाची ना नसावी.

बडोदेकर_नि
आमच्या बडोद्याकडे पण हेच ऐकलंय की ऑर्डर होते आणि माणूस सुटत नाही, कारण जामीनदार मिळत नाही. लॉकडाऊनमध्ये जामीनदार आणायचा कुठून?

वैशाली_रामबाग
बडोदेकर, तुम्ही विचारलंत म्हणून उरलेलं सांगते, मला सांगायचं नव्हतं.

आमच्या त्या पेशंटला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जामीन झाला होता. त्याची बायको आमच्याकडे जुने डायलिसिस चार्ट मागायला आली होती, आमच्या सिस्टरने झेरॉक्सचं दुकान बंद म्हणून मोबाईलवर फोटो काढून दिले, त्यावर वकिलाने अर्ज केला. ऑर्डर झाली पन्नास हजारांच्या जामीनदाराची. भाऊ तयार होता, त्याची शेती होती, ऋण पुस्तिका (शेतीचं सरकारी पुस्तक) पण होती, पण शेती देवास जिल्ह्यात, तहसील बंद, सीमा बंद, पडताळणी होईना. कागदावर सुटलेला माणूस नऊ दिवस आत. त्या नऊ दिवसांत एकच डायलिसिस झालं. शेवटी वकिलाने पुन्हा अर्ज केला आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडलं. जेलच्या गेटवरून थेट आमच्या दारात आला, रात्री साडेदहाला, रिक्षा नव्हती तर पोलिसांच्याच गाडीने आणून सोडलं. पाय एवढे सुजलेले की चप्पल हातात होती. श्वास लागलेला. त्या रात्री आम्ही त्याच्या अंगातून साडेतीन लिटर पाणी काढलं. पहाटे म्हणाला, ताई, तिथे डाळीचं पाणी नको म्हटलं तर भूकच राहायची, आणि खाल्लं तर छाती भरायची.

नवरात्रापर्यंत येत होता. मग नाही. खटला चालूच झाला नव्हता, आरोपी गेला म्हणून केस बंद झाली. बायको विचारायची, म्हणजे ते निर्दोष ठरले का हो? मी काय सांगणार होते.

पोहेजिलेबी
🙏

निमाडी_माणूस
त्या पोलीस गाडीवाल्याचं भलं होवो.

काळाकोट_इंदूर
ताई, दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही, यावर आपल्याच मध्यप्रदेशचं प्रकरण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मोतीराम नावाचा गवंडी, दहा हजारांचा जामीन मागितला, भाऊ जामीनदार राहायला आला तर मॅजिस्ट्रेटने नाकारला कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. बेचाळीस वर्षांनी तुमचा पेशंट त्याच उंबऱ्याला अडखळला.

आता थोडं बदललंय. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करायचा, स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरायचा नाही. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना पण आली त्याच वर्षी, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा चाळीस हजारांपर्यंत. पण डायलिसिसवाल्याला सात दिवस म्हणजे दोन पाळ्या गेल्या, हे तुमचा धागा वाचेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ग्वाल्हेरवाली_सून
वैशालीताई, परवाच्या पेशंटचं काय? तो जो आलाय त्याचं?

वैशाली_रामबाग
तोच तर विचार करतेय. डॉक्टरांशी आज बोलले, ते सविस्तर कागद द्यायला तयार आहेत, वकीलसाहेबांनी वर लिहिलंय तसा, आठवड्यातून किती वेळा, चुकलं तर काय होतं, आणि हातकडी कुठल्या हातात घालायची नाही ते पण लाल पेनाने. त्याचा वकील कोण आहे ते त्यालाच माहीत नाहीये. म्हणून बुधवारी माझी दुपारची सुट्टी आहे तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विचारणार आहे. काळाकोटदादा, तुम्ही त्या दिवशी कोर्टात आहात का?

काळाकोट_इंदूर
आहे. तीन वाजता गेटवर भेटा. चार्ट मागच्या तीन महिन्यांचे आणा, मोबाईलवरचे नको, कागदावरचे आणा.

खाकीतलं_घर
बाबा विचारतायत, त्या फिस्टुलाचं एका पानावर साध्या हिंदीत लिहून देता का ताई. ते लाईनमध्ये नेऊन लावतो म्हणतात.

वैशाली_रामबाग
आज रात्री लिहून पाठवते.